कमान नको, सांडवा नीट करा
रौप्यमहोत्सव समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि रौप्यमहोत्सव समिती,
आपलं भूसंवर्धन मंडळ

स.न.वि.वि.

मंडळाला यंदा २५ वर्षं होत आहेत. धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीच्या खोऱ्यात, पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात, माती अडवण्यासाठी माणसं २५ वर्षं एकत्र टिकली याचा आनंद आम्हालाही आहे. महोत्सवाला आमचा विरोध नाही. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची पंगत उठली पाहिजे, तिला तर मुळीच नाही. आक्षेप आहे तो महोत्सवासाठी ठरवलेल्या कामांना. गावाच्या वेशीवर मंडळाच्या नावाची दगडी कमान, रंगीत स्मरणिका, पाहुण्यांच्या हस्ते एका दिवसात टेकडीवर वृक्षारोपण आणि पोकलेन लावून मोठ्या नाल्याचं खोलीकरण अशी यादी बैठकीत वाचली गेली. जुन्या चरांची, बांधांची आणि सांडव्यांची (बांधामागचं जास्तीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटांची) दुरुस्ती त्या यादीत कुठेच नव्हती.

आम्ही सही करणारे सगळे मंडळाचे सभासद आहोत. आमची वावरं याच बांधांच्या खाली आहेत. बांध टिकला तर ओल आमच्या विहिरीत येते आणि फुटला तर मुरूम आमच्या कपाशीत येतो. बैठकीत बोलायला वेळ मिळाला नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

सुरुवात टेकडीवरच्या सलग समतल चरांपासून (उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चरांपासून) करू, कारण मंडळाचं सगळ्यात मोठं काम तेच आहे. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. दोन चरांत ५ मीटर अंतर धरलं तर हेक्टरी २,००० मीटर चर होतात आणि एका भरण्यात ३ लाख ६० हजार लिटर पाणी थांबतं. म्हणजे उतारावरून वाहून येणारं ३६ मिलिमीटर पाणी हे चर पोटात घेतात. आपल्याकडचा पाऊस झिरमिर पडत नाही, चार-सहा जोरदार सरींतच मोसम उरकतो. त्यामुळे खरा हिशेब अशा एकेका सरीचाच. चर अर्धे गाळाने भरले की हे ३६ मिलिमीटर १८ वर येतं. वरचं पाणी चर ओलांडून जातं, आणि ते सगळीकडून सारखं जात नाही. चराच्या खालच्या कडेचा मातीचा भराव जिथे खचला असेल तिथे सगळं पाणी गोळा होतं, तिथेच भराव कापतं आणि खालच्या चरावर एकदम आदळतं. एक चर फुटला की त्याच्या रेषेतले खालचे चरही फुटतात. टेकडीच्या पश्चिम अंगाला पडलेल्या तीन उभ्या ओघळी अशाच तयार झाल्या आहेत. पाऊस त्यांना निमित्त झाला, एवढंच.

चर उकरणं सोपं असतं हे खरं, पण ते चुकीचं उकरणंही तितकंच सोपं असतं. आधी जुन्या चराची पातळी पुन्हा तपासावी लागते. पाण्याची नळी किंवा ए-फ्रेम (पातळी पाहायची 'A' आकाराची चौकट) लावून दर १० मीटरला खूण करायची. जिथे उतार चराच्याच दिशेने सरकलेला दिसेल तिथे चराच्या तळात आडवी माती राखायची, म्हणजे पाणी चरातून धावत जाऊन एका टोकाला साचत नाही. गाळ काढून तो फक्त उताराच्या खालच्या बाजूला टाकायचा, आणि चराची कड व भराव यांच्यात किमान ३० सेंटिमीटर मोकळी जागा सोडायची. ती सोडली नाही तर पहिल्याच पावसात माती परत चरात येते आणि मजुरी पाण्यात जाते. भरावावर पवन्या आणि मारवेल गवताचं बी पावसाआधी कोरडंच टाकायचं. चर निम्मे भरलेत असं धरलं तर हेक्टरी १८० घनमीटर, म्हणजे जवळपास ६४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) गाळ निघेल. एका माणसाने दिवसाला दोन घनमीटर काढला तर ९० मनुष्यदिवस लागतील. हे आकडे समोर ठेवून कमानीचा खर्च एकदा पाहा.

दुसरा विषय मातीच्या बांधांचा. या पत्राचं नाव त्यावरूनच दिलं आहे, कारण बांध फुटतो तो बहुतेक वेळा सांडव्याच्या दुखण्याने. वरच्या नाल्यावरच्या बांधाच्या सांडव्यात आज बेशरम आणि वेडी बाभूळ माजली आहे, तळाशी गाळ चढला आहे. शिवाय सांडव्याच्या तोंडाशी कुणीतरी वावराचा बांध पुढे ओढला आहे. नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. सांडव्याचा तळ वर आला आणि रुंदी कमी झाली की बांधाच्या माथ्यापर्यंतची मोकळी उंची संपते. मग मोठ्या पावसात पाणी माथ्यावरून जातं, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो तासाभरात आडवा होतो. उपाय महाग नाही. झाडोरा मुळासकट काढायचा, सांडवा मूळ रुंदीला आणि मूळ पातळीला आणायचा, उंबऱ्यावर दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) करायचं. सांडव्याखालचा उतार नाल्यापर्यंत दगडाने बांधून न्यायचा, नाहीतर पाणी तिथे खड्डा पाडतं आणि तो खड्डा मागे खात खात सांडव्यापर्यंत येतो.

बांधाच्या अंगावर वाढलेली झाडं 'हिरवाई' म्हणून स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर छापायचं घाटतं आहे, असं ऐकलं. कृपा करून छापू नका. मातीच्या बांधावर मोठं झाड हा दोष आहे. झाड मेलं की त्याची मुळं कुजतात, त्या पोकळीतून पाणी वाट काढतं आणि बांध आतून पोखरतो. बांधाच्या अंगावर गवत पाहिजे, झाड नको. खेकड्यांची आणि उंदरांची बिळंही तशीच. त्यांची तोंडं नुसती मातीने लिंपून भागत नाही. बीळ शेवटापर्यंत उकरायचं, घट्ट माती लागेपर्यंत जायचं, मग १५ सेंटिमीटरच्या थरांनी माती भरत, पाणी शिंपडत, धुमसाने ठोकायची. हाताने ठोकलेला भराव नंतर बसतोच, म्हणून माथा पाहिजे त्यापेक्षा सुमारे दहावा हिस्सा वर ठेवायचा. चिकण काळी माती गाभ्यात आणि मुरूम अंगावर, हा क्रम उलटा झाला की उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि पहिला पाऊस थेट बांधाच्या पोटात शिरतो. मागच्या दुरुस्तीत नेमकं हेच झालं. ठेकेदाराला जवळ काळी माती मिळाली, त्याने ती बाहेरून थापली. काम दिसायला गुळगुळीत झालं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

अनगड (न घडवलेल्या) दगडांच्या बांधांबद्दल थोडक्यात. ओघळीत रचलेले बांध भिंतीसारखे सरळ उभे केले आहेत आणि त्यांचा मधला भाग कडेपेक्षा उंच आहे. व्हायला पाहिजे उलट. मध्य खोलगट हवा, दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर रोवलेली हवीत आणि खालच्या अंगाचा उतार पसरट हवा. मध्य उंच राहिला की पाणी काठ कापतं, बांध जागेवर राहतो आणि ओघळ शेजारून नवी होते. दोन बांधांमधलं अंतर डोळ्याने ठरवू नये. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला आला पाहिजे. ओघळीचा उतार ५ टक्के आणि बांधाची उंची पाऊण मीटर असेल तर हे अंतर १५ मीटर येतं. दगड टेकडीच्या उतारावरून उपटून आणू नका, त्या दगडाखालचीच माती पुढच्या पावसात ओघळीत येते.

आता खोलीकरणाकडे येतो. इथे आमचा विरोध सगळ्यात ठाम आहे.

'शिरपूर पॅटर्न' हा शब्द बैठकीत चार वेळा आला. शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले खोल-रुंद करण्याचं जे काम झालं त्यामागे भूजलशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांचा अभ्यास होता. तापीच्या गाळाच्या प्रदेशात पिवळ्या चिकणमातीचे जाड थर पाणी खाली मुरू देत नाहीत, ते कुठे आणि किती भेदायचे हे तिथे आधी पाहिलं गेलं, आणि खोदलेल्या नाल्यांवर सिमेंट बंधाऱ्यांची साखळी बांधली गेली. त्या कामावर मतभेद आहेत, ते बाजूला ठेवू. पण त्यातला अभ्यास वगळून फक्त पोकलेन उचलून आणणं म्हणजे तो पॅटर्न नव्हे. आपला नाला गाळाच्या प्रदेशात नाही, तो बेसाल्टच्या खडकात आहे. वर मुरूम, मग मांजऱ्या (मुरमाखालचा झिजलेला खडक), मग काळा पाषाण. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी मुरमात आणि मांजऱ्यातच आहे. नाल्याचा तळ त्या पाण्याच्या पातळीखाली नेला तर नाला विहिरींना पाणी देत नाही, विहिरींचंच पाणी ओढून घेतो. पावसाळ्यात भरलेला नाला दिसतो, फोटो छान येतो, आणि माघ उजाडेपर्यंत काठच्या विहिरी नेहमीपेक्षा आधी तळ गाठतात.

त्यातच आपल्या भागातल्या काळ्या कातळाच्या उभ्या भिंती. भूगर्भशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात त्या शेकड्याने आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम पसरलेल्या. काही डाइक अखंड आहेत, ते जमिनीखाली बांधासारखं पाणी अडवतात. काही भेगाळलेले आहेत, ते पाणी वाहून नेतात. ठरवलेली खोलीकरणाची रेषा अशाच एका डाइकला आडवी छेदते. तो अखंड असेल आणि यंत्राने फोडला तर वरच्या अंगाच्या विहिरींमागचा धरबंद कायमचा जाईल, आणि फोडलेला डाइक पुन्हा बुजवता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून पाहणी झाल्याशिवाय, आणि त्या पाहणीचा अहवाल ग्रामसभेत वाचल्याशिवाय, पोकलेन नाल्यात उतरू नये. आत्ता फक्त साठलेला गाळ काढा. मूळ तळ लागला की थांबा.

काढलेला गाळ कुणाच्या वावरात जाणार याची यादी आधी फलकावर लावा. मागच्या वेळी ज्याचा ट्रॅक्टर जवळ होता त्याने नेला. गाळ हलक्या, मुरमाड जमिनीला द्यायचा असतो. अडीच सेंटिमीटरचा थर द्यायचा तर एकरी सुमारे ३६ ब्रास लागतो. आधीच भारी काळी असलेल्या जमिनीत तो टाकून निचरा आणखी बिघडतो, तरी तिथेच गेला, कारण रस्ता तिथे चांगला होता.

खालच्या काळ्या जमिनींत 'सगळ्या वावरांना सारखे बांध' घालण्याची कल्पनाही सोडा. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यापासून या प्रांतात समतल बांध पडले, आणि भारी काळ्या जमिनीत ते का टिकत नाहीत हेही तेव्हापासून दिसत आलं आहे. पावसाळ्यात बांधामागे पाणी तुंबून पीक पिवळं पडतं, उन्हाळ्यात बांध भेगाळतो आणि मृगाच्या पाण्याला वाट देतो. अशा जमिनीला ढाळीचे बांध लागतात. जास्तीचं पाणी हळूहळू कडेला नेऊन गवताच्या पाटातून खाली सोडणारे. तो गवताचा पाट ठेवायला कुणी जागा देत नाही, खरी अडचण तिथे आहे. ती यंत्राने सुटणार नाही, चार भाऊबंदांना एका खाटेवर बसवूनच सुटेल.

वृक्षारोपणाचं लांबवत नाही. एका दिवसात लावलेली झाडं पाहायला एका वर्षाने कोण जातं ते सगळ्यांना माहीत आहे. खड्डे उन्हाळ्यात खोदून तापू द्यावे लागतात, रोपांना पुढचे दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं आणि चराईपासून राखावं लागतं. ज्यांनी फावडं धरायचं ते पाहुणे त्या दिवशी संध्याकाळी परत जाणार आहेत. खानदेशच्या टेकड्यांचं झाड अंजन. त्याचं मूळ शेंड्याआधी खोल जातं, पिशवीत ते गुंडाळून वाकडं होतं, म्हणून अंजन थेट बियांपासून जागेवर लावणं बरं. शेळ्या फिरतात त्या बाजूला सीताफळ लावा, त्याला त्या तोंड लावत नाहीत. गुलमोहर मात्र आणू नका.

शेळ्यांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. चराईबंदीचा फलक मंडळाने लावला, पण ज्यांची पोटं शेळ्या-मेंढ्यांवर आहेत त्यांना विचारलं नाही. ठेलारी मेंढपाळ दरवर्षी याच वाटेने जातात. गावातल्या भूमिहीन बाया याच टेकडीवरून चारा आणतात. कार्यकारिणीत यांतलं एकही माणूस २५ वर्षांत आलेलं नाही. त्यामुळे बंदी रात्री मोडली जाते आणि दिवसा कागदावर राहते. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखलं ते पाड्याने बसून ठरवलेल्या नियमांनी. तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण अभिनंदनाचा ठराव केला. तसे नियम करायला मात्र बसलो नाही. टेकडीचे तीन भाग करून एकेक भाग आळीपाळीने बंद ठेवता येतो, आणि बंद भागातलं गवत कापून न्यायला परवानगी देता येते. गवत कापलं गेलं की फाल्गुनात वणव्याला खायला कमी उरतं, हा फायदा वेगळाच. वणवा अडवणाऱ्या जाळरेषा गेली दोन वर्षं काढल्या नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.

या सगळ्याला 'निधी नाही' हे उत्तर आम्हाला मिळत आलं. नवीन कामाला योजना असते, दुरुस्तीला नसते, हे खरं आहे. पण आपल्याच नदीवर काही शतकं चाललेली फड पद्धत, म्हणजे लाभधारकांनी मिळून चालवलेली पाटपाण्याची रीत आठवा. पांझरेवरचे ते बंधारे दगड-चुन्याच्या जोरावर एवढी वर्षं राहिले नाहीत. पाटाचं पाणी देणारा पाटकरी होता, राखण करणारा जागल्या होता, आणि कालव्यातला गाळ लाभधारक दरवर्षी स्वतः काढत. ज्याचं वावर फडात, त्याचं माणूस कामावर. आपल्या मंडळाने बांध घातले आणि त्यांना जागल्या मात्र ठेवला नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. कमान आणि स्मरणिकेसाठी काढलेला पैसा देखभालीच्या स्वतंत्र खात्यात टाका. यापुढे येणाऱ्या प्रत्येक रकमेतला ठरावीक हिस्सा त्याच खात्यात जावा, आणि तो किती हे वार्षिक सभेत ठरावं.

२. प्रत्येक चर, बांध आणि बंधाऱ्याची नोंदवही करा. गट क्रमांक, बांधल्याचं वर्ष, लांबी, शेवटची दुरुस्ती, सध्याची अवस्था आणि लक्ष ठेवणाऱ्याचं नाव त्यात असावं. वही ग्रामपंचायतीत ठेवा, कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या घरी नको.

३. दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) शिवारफेरी काढा. सालदाराचं साल त्या दिवशी ठरतं, तसं बांधांचंही ठरू द्या. तिथून मृगापर्यंत जेमतेम महिना-दीड महिना मिळतो, दुरुस्ती त्यातच झाली पाहिजे. पहिला सांडवा, मग चर, मग बाकीचं.

४. नाल्याचं खोलीकरण पाहणीचा अहवाल येईपर्यंत स्थगित ठेवा. सांडव्यातलं अतिक्रमण मात्र आखाजीच्या आत हटवा.

५. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या) पावसाळ्यापूर्वी काढायचे आणि परतीचा पाऊस ओसरताच बसवायचे, ही जबाबदारी एका नावावर द्या. रबराच्या पट्ट्या नव्या घ्या. सध्या बरगे आहेत, पट्ट्या नाहीत, त्यामुळे अडवलेलं पाणी दिवाळीआधीच झिरपून जातं.

६. वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या ठरावीक विहिरींची पाण्याची पातळी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात मोजून फलकावर लिहा. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवा. २५ वर्षांत हे मोजलंच नाही, म्हणून 'पाणी वाढलं' असं भाषणात म्हणता येतं आणि 'नाही वाढलं' असं पारावर म्हणता येतं.

७. कार्यकारिणीत मेंढपाळ, भूमिहीन कुटुंबं आणि चारा आणणाऱ्या स्त्रिया यांना जागा द्या. निमंत्रित म्हणून नको, मतासकट.

या मागण्यांवर विशेष सभा बोलवा, आणि ती महोत्सवाच्या आधी बोलवा. महोत्सवाची तारीख पुढे गेली तरी आमची हरकत नाही. पाऊस तारीख पुढे ढकलणार नाही. सभेला कार्यकारिणीने वरच्या बांधावर यावं, सभागृहात नव्हे. पाण्याची नळी, फावडी आणि धुमस आणायची जबाबदारी आमची, चहाही आमच्याकडून.

आपले,
पाणलोट क्षेत्रातील सभासद शेतकरी